वजन उतरविणारी औषधे आणि व्यायाम

कामगार संघटनेच्या कचेरीत माणसे कोणकोणते प्रश्न घेऊन येतात, त्याची यादी आम्ही झोपेतही सांगू शकू. आरोपपत्र आले, बदली झाली, फंडाचे पैसे अडकले, रजा नाकारली, मुलीच्या लग्नाला कर्ज हवे. या यादीत गेल्या वर्षा-दीड वर्षात एक नवा प्रश्न शिरला आहे. माणूस आपले मूळ काम सांगून होते, खुर्चीवरून उठतो, दारापर्यंत जातो आणि परत वळून हलक्या आवाजात विचारतो, "दादा, ती आठवड्याची सुई चालू केलीय वजनाची. व्यायाम केला तर चालेल ना?"

हा प्रश्न आम्हांला का विचारावा? आम्ही डॉक्टर नव्हे. शाळेतले आमचे शिक्षण नववीला संपले आणि पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु कामगाराला डॉक्टरांपुढे तोंड उघडण्याची भीती वाटते, तेथे रांग मोठी असते आणि वेळ थोडा. म्हणून तो ओळखीच्या माणसाला विचारतो. तेव्हा आम्ही वाचले, जाणत्या डॉक्टरांना गाठून विचारले, आणि जे समजले ते या व्याख्यानाच्या निमित्ताने मांडीत आहोत. औषध घ्यावे की न घ्यावे हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी ठरवावयाचे. घेतल्यावर अंग कसे हलवावे, एवढाच आमचा विषय आहे.

वजन उतरविणारे औषध आणि कष्टाचे शरीर यांची गाठ पडली की काय होते, याचा पहिला धडा कामगारांनीच दिलेला आहे, आणि तो त्यांना न विचारता घेतला गेला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन वापरीत. ते हाताळणारे कामगार घामाने निथळू लागले, त्यांना ताप येऊ लागला, त्यांची वजने उतरली आणि काहीजण मेले. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच द्रव्य लठ्ठपणावर देऊन पाहिले. वजन खरोखरच उतरे. मग ते दुकानादुकानांतून विकले जाऊ लागले, लोकांनी हौसेने घेतले, कित्येकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले, काही दगावले. १९३८ चा नवा औषध कायदा आला तेव्हा कोठे अमेरिकेत त्याची विक्री बंद पडली.

ते करते काय, हे गिरणीतल्या माणसाला समजावणे अवघड नाही. इंजिन चालू आहे, कोळसा जळतो आहे, पण मागाकडे जाणारा पट्टाच सुटलेला आहे. कापड निघत नाही, नुसती उष्णता निघते. शरीरातल्या पेशींचा पट्टा हे द्रव्य सोडवून टाकते. अशा माणसाने त्यावर आणखी धाव घेतली की अंगातली उष्णता बाहेर पडण्यास वाटच राहत नाही. आजही हे विष पुडीतून, गोळीतून, शरीर कमावणाऱ्या तरुणांना चोरून विकले जाते. म्हणून तालमीच्या, हल्लीच्या जिमच्या, दारात कोणी 'चरबी जाळणारी' पावडर देऊ केली आणि तिच्यावर नीट लेबल नसेल, तर हात जोडून नको म्हणावे.

दुसरी घटना अलीकडची आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात स्टीव्ह बेक्लर हा तेवीस वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावाच्या मैदानावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी उष्माघाताने गेला. तो वजन कमी करण्याच्या खटपटीत होता, जेवण अगदी थोडे घेत होता आणि एफेड्रा या वनस्पतीपासून केलेल्या गोळ्या घेत होता. त्या गोळ्या नाडी जलद करतात, रक्तदाब चढवितात. २००४ मध्ये अमेरिकेने त्या पूरक खाद्य म्हणून विकण्यास बंदी केली. 'वनस्पतीची आहे, म्हणजे निरुपद्रवी' ही आपल्याकडची समजूत येथे आठवावी. सिब्युट्रामिन हे औषध हृदयाला धोका म्हणून आपल्या देशात २०११ मध्ये बंद झाले. पण 'आयुर्वेदिक', 'हर्बल' अशी नावे लावलेल्या स्लिमिंगच्या मालात तेच मिसळलेले परदेशी औषध-नियंत्रकांना पुन्हापुन्हा सापडले आहे.

आता आजच्या औषधांकडे वळू, कारण आमच्या सभासदांच्या प्रश्नाचा रोख त्यांच्यावर आहे. ही जातच निराळी. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचा एक निरोप्या निघतो. तो स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास सांगतो, जठराला सावकाश चल म्हणतो आणि मेंदूला पोट भरल्याची वर्दी देतो. मूळ निरोप्या दोन-चार मिनिटांत विरघळतो. न्यू यॉर्कमधील जॉन एंग या संशोधकाला १९९२ मध्ये गिला मॉन्स्टर नावाच्या वाळवंटी सरड्याच्या विषात त्याच्यासारखाच, पण टिकाऊ, पदार्थ सापडला आणि त्यातून पहिले औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी आले. पुढच्या पिढीतले सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. टिर्झेपॅटाइड हे त्याच्याही पुढचे, दोन निरोप्यांचे काम एकट्याने करणारे. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड वेगोव्ही या नावाने जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडचे आपल्याकडचे पेटंट मार्च २०२६ मध्ये संपले, आणि कित्येक देशी कंपन्या तो माल बनविण्याची तयारी आधीपासूनच करून होत्या. साहेबांच्या घरातून ही सुई कामगाराच्या घरात येते आहे, ती अशी.

औषध गुणाचे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १९६१ माणसांना अडुसष्ट आठवडे सेमाग्लुटाइड किंवा नुसते बिनऔषधी इंजेक्शन दिले गेले. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी जवळजवळ पंधरा टक्के उतरले, दुसऱ्यांचे अडीच टक्क्यांच्या आत. २०२३ मध्ये हृदयविकार असलेल्या सतरा हजारांवर लोकांची पाहणी बाहेर आली. तीत हृदयाचा झटका, पक्षाघात व त्यांमुळे येणारा मृत्यू हे सारे मिळून पाचव्या हिश्शाने कमी झाले. हा लाभ थोडा नव्हे, आणि कोणी सुई घेतो म्हणून त्याची थट्टा करण्याचे तर काहीच कारण नाही.

पण वजन उतरले म्हणजे नेमके काय उतरले? त्याच १९६१ जणांपैकी १४० जणांच्या शरीराचे क्ष-किरण यंत्राने मोजमाप केले होते. गेलेल्या वजनात सुमारे तीन हिस्से चरबी होती आणि दोन हिस्से चरबीखेरीज बाकीचे. त्या बाकीच्यात पाणी वगैरेही येते, सगळे मांसच असते असे नव्हे. तरीही स्नायूंचा त्यात मोठा वाटा असतो. टिर्झेपॅटाइडच्या पाहणीत हा हिस्सा चौथाईच्या आसपास होता. उपासतापास करून वजन उतरविले तरी काही स्नायू जातातच. सुईचा विशेष असा की वजन पुष्कळ आणि भराभर उतरते, भूक नसल्यामुळे माणूस प्रथिने खात नाही, आणि शरीर घरातलेच फर्निचर चुलीत घालू लागते.

आपल्या लोकांना याची चिंता अधिक, आणि त्याचे कारण पुण्यातच सापडलेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! सदऱ्यावरून दोघेही सडपातळच. आपल्याकडचा माणूस बारीक दिसला तरी त्याच्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी असण्याचा संभव मोठा, असा याचा अर्थ. ज्याच्या गाठीला आधीच थोडे आहे त्याने खर्चाला जपावे, हे आम्ही पगारवाढीच्या वाटाघाटीत नेहमी सांगतो, येथेही तेच.

यावर आमचा हमाल बंधू विचारतो, "दादा, दिवसभर पोती उचलतो, मला कशाला हवा व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. लंडनच्या बसगाड्यांवर १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी एक प्रसिद्ध अभ्यास केला. ड्रायव्हर पाळीभर बसलेला, कंडक्टर दुमजली बसचे जिने दिवसातून पाचसातशे पायऱ्या चढणारा. पगार आणि वस्ती जवळजवळ सारखी, तरी ड्रायव्हरांत हृदयाचे विकार कंडक्टरांहून कितीतरी अधिक. गमतीची गोष्ट अशी, की या डॉक्टरांनी पुढे गणवेषाच्या नोंदवह्या तपासून विजारींच्या कमरांची मापेही काढली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या, पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघाला नाही. हालचालीचे म्हणून काही वेगळे देणे होते. सबब बसून काम करणाऱ्याने, मग तो ड्रायव्हर असो, बँकेतला कारकून असो की दारावरचा रखवालदार, औषधावर असताना हालचाल सोडणे घातक आहे.

हमालाचे तसे नाही. एकाच बाजूला ओझे, तासन्‌तास, विसाव्याविना, ऊन डोक्यावर. या श्रमाला व्यायाम म्हणता येत नाही, आणि त्याने हृदयाला व्यायामासारखा फायदा होतो असेही अलीकडच्या अभ्यासांत दिसत नाही. सुई घेणाऱ्या हमालाने कामावरून सुटून आणखी दमण्यापेक्षा पोटात प्रथिने आणि अंगात पाणी पुरेसे जाते की नाही हे आधी पाहावे. ओझ्याला न वापरले जाणारे स्नायू, पाठ, पोट, खांदे, तेवढे आठवड्यातून दोनदा हलक्या हाताने वापरावे. शिवाय वजन उतरू लागले की काही महिने उचलण्याची ताकदही उतरते. अशा वेळी पूर्वीचे ओझे पूर्वीच्याच जोमाने उचलणे म्हणजे कंबर गमावणे होय. मुकादमाला हे सांगावे. सांगण्याचा संकोच वाटत असेल तर आम्हांला सांगावे; ते आमचे कामच आहे.

एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. आमचा एक सभासद, प्रवासी गाडीवरचा ड्रायव्हर, वय सत्तेचाळीस. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी बरीच वर्षे चालू. डॉक्टरांनी वजनाची सुई सुरू करून दिली. दोन महिन्यांत सात किलो उतरले. गड्याला हुरूप आला आणि चैत्राच्या उन्हाळ्यात पहाटे उठून तो उपाशीपोटी आठ किलोमीटर चालू लागला. बायको मागून म्हणे, "अहो, दोन बिस्किटं तरी खाऊन जा." भूकच नव्हती, तर खाणार कशाला? एके दिवशी चालून परस्पर ड्यूटीवर गेला. फाटकापाशी जीभ अडखळू लागली, पाय लटपटले, घामाने सदरा भिजला, आणि विचारले तर उत्तर भलतेच. अधिकाऱ्याने शेरा मारला: दारू पिऊन कामावर आला. सोबत्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले, तेथे रक्तातली साखर भरली ५२. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर गडी दहा मिनिटांत शुद्धीवर आला आणि पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. निलंबन मात्र तीन आठवडे चालले. दवाखान्याचा कागद आणि सात साक्षीदार घेऊन आम्ही तीन वेळा वरिष्ठांकडे गेलो, तेव्हा तो शेरा पुसला गेला. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर हे घडले असते तर काय, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

यातले शास्त्र असे. नुसत्या सुईने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही, कारण रक्तात साखर असेल तरच ती इन्शुलिन सोडवते. पण सोबत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीची गोळी किंवा इन्शुलिन असेल तर ते आंधळेपणाने साखर उतरवीत राहतात. खाणे निम्मे झाले आणि त्यावर व्यायाम आला की तिन्ही मिळून माणसाला पाडतात. म्हणून सुई सुरू होताना जुन्या गोळीची किंवा इन्शुलिनची मात्रा कमी करावी का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि 'मी सकाळी इतका चालतो' हेही सांगावे. न सांगितलेली गोष्ट त्यांना कशी कळणार? अशा माणसाने घरी साखर मोजण्याचे यंत्र ठेवावे. व्यायामाआधी आकडा ९० च्या खाली असेल तर काही खाऊन मग निघावे. खिशात ग्लुकोजची पुडी असावी. हात थरथरणे, दरदरून घाम, छाती धडधडणे, शब्द न सुचणे, ही लक्षणे दिसताच थांबावे, तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि ७० च्या वर चढली नसेल तर पुन्हा तेच करावे. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी घरची साखर न घेता ग्लुकोजच घ्यावे, कारण त्या गोळ्या साखर फोडू देत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, मेटोप्रोलॉलसारख्या, धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो, त्यावर नजर ठेवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही ओतू नये, दवाखाना गाठावा.

दुसरा शत्रू उन्हाळा. या औषधांनी भुकेबरोबर तहानही मंदावते. पहिल्या काही महिन्यांत मळमळ, उलटी, जुलाब यांनी पाणी आणखी जाते. त्यात फाल्गुन-चैत्राचे ऊन, रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी, किंवा मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी, जी साखर लघवीवाटे काढते आणि तिच्यासोबत पाणीही नेते. मग उठताना भोवळ येते आणि पुढे मूत्रपिंडावर ताण पडतो. उपाय सोपा आहे, पण तो ठरवून करावा लागतो: तहानेची वाट न पाहता दिवसभर घोट घोट पाणी, ताक, लिंबाचे सरबत. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे. उलट्या-जुलाब झाले त्या दिवशी व्यायाम नाही. जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात घालून प्यावी, आणि चोवीस तासांत पोटात काही ठरत नसेल किंवा लघवी जवळजवळ बंद झाली असेल तर डॉक्टरांकडे जावे. रक्तदाबाची गोळी चालू ठेवावी की कमी करावी, हेही तेच सांगतील. वजन उतरल्यावर जुनी मात्रा कित्येकदा जास्त होते.

घोट घोट पाणी प्या, असे आम्ही सहज म्हणालो. पण बाई कंडक्टर काय करते, ठाऊक आहे? मार्गावर स्वच्छ शौचालय नसते म्हणून ती पाळीभर पाणीच पीत नाही. झाडूवाल्या भगिनींचे तेच. अशा बाईने ही सुई घेतली तर तिला पाणी प्या म्हणून उपदेश करून भागणार नाही. मार्गाच्या टोकाला पाणी आणि कडीचे दार असलेले शौचालय पाहिजे. आमच्या मागणीपत्रात हे कलम पूर्वीपासून आहे. आता त्याला एक वैद्यकीय कारणही जोडले आहे.

प्रत्यक्ष व्यायाम कोणता? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. आपल्याकडे सगळा भर चालण्यावर. चालणे उत्तम, पण सुई घेणाऱ्याचे स्नायू नुसत्या चालण्याने राखले जात नाहीत. आणि ताकदीचा व्यायाम म्हणजे यंत्रे, आरसे आणि महिन्याची भरमसाट फी, असेही नाही. जोर आणि बैठका या ताकदीच्याच आहेत. गिरणगावातल्या तालमींत आमच्या वाडवडिलांनी त्याच काढल्या. फक्त त्या वाडवडिलांच्या संख्येने काढू नयेत. पन्नाशीतल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाने खुर्चीवरून हात न टेकता उठावे आणि बसावे, आठ-दहा वेळा. ही त्याची बैठक. भिंतीला हात टेकून जोर. जमले की टेबलाला, मग जमिनीला. पाण्याने भरलेला डबा कमरेपर्यंत उचलणे, जिन्याची पायरी चढणे-उतरणे. शेवटच्या दोन-तीन वेळांना जड वाटले पाहिजे, नाहीतर स्नायूला काही कळतच नाही. श्वास रोखू नये. एक दिवस करून एक दिवस सोडावा. आठवड्याला थोडेसेच वाढवावे.

सूर्यनमस्कारांविषयी विचारणारे पुष्कळ भेटतात. चांगलेच आहेत, पण या औषधांनी जठर सावकाश रिकामे होते, तेव्हा जेवल्यावर नेहमीचा दोन तासांचा हिशेब पुरत नाही. डोके खाली जाताच आंबट वर येते. तीन-चार तास जाऊ द्यावेत, किंवा सकाळी थोडेसे खाऊन, अर्धे केळे वा दोन खजूर, सावकाश घालावेत. शीर्षासन आणि जोरजोरातली कपालभाती पहिले काही महिने बाजूला ठेवली तर बिघडत नाही.

मात्रा टप्प्याटप्प्याने वाढते, वजनाच्या सेमाग्लुटाइडची पाव मिलिग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी. प्रत्येक टप्प्यानंतरचे काही दिवस मळमळीचे. त्या आठवड्यात व्यायाम वाढवू नये, निम्म्यावर आणावा. सुई टोचण्याचा वार आपल्या पाळ्या पाहून ठरवावा. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी टोचली तर वाईट दिवस घरी जातो. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हराने मात्रा वाढण्याचा दिवस आणि मुक्कामी ड्यूटी एकत्र येऊ देऊ नये. ही औषधे अंगात फार दिवस राहतात. सेमाग्लुटाइड शेवटच्या सुईनंतरही सुमारे पाच आठवडे. त्रास झाला म्हणून आज बंद केले आणि उद्या मोकळे झालो, असे होत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सुईविषयी आवर्जून सांगावे, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते.

या सुईने नाडी मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते, तेव्हा मनगटावरच्या घड्याळाचा आकडा पाहून घाबरू नये. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम बरोबर. छातीत दाब, दम न आवरणे, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही झाले तर तेथेच थांबावे. आणि पोटात वरच्या बाजूला जोराची, पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी कळ आली तर ती व्यायामाची उसण समजून शेकत बसू नये. स्वादुपिंडाची सूज वा पित्ताशयातले खडे असू शकतात, त्याच दिवशी दवाखाना.

फेंटरमाइनसारख्या भूक मारणाऱ्या जुन्या गोळ्या नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढवितात. त्या घेणाऱ्याने रक्तदाब मोजल्याखेरीज जोराच्या व्यायामाला हात घालू नये. ऑर्लिस्टॅट खाल्लेली चरबी पचू देत नाही. ती गोळी घेऊन आदल्या रात्री भजी खाल्लेल्या माणसाने सकाळी मैदानावर धावावयास जाऊ नये. कारण सभ्य श्रोत्यांपुढे सांगत नाही.

राहिले खाणे. सामान्य माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला पाऊण ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने पुरतात, असे आपली वैद्यकीय संशोधन परिषद म्हणते. वजन उतरत असताना तज्ज्ञ १.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. भूक थोडी आहे, तेव्हा ताटात आधी उसळ, डाळ, पिठले, अंडे, मासळी संपवावी आणि मग भाकरी-भाताकडे वळावे. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर, आणि त्या रेशनच्या दुकानाशेजारीच मिळतात. डबे भरून महागड्या पावडरी घेण्याची गरज फारच थोड्यांना असते. ज्याला खाल्लेले जड होते त्याने चार वेळा थोडे थोडे खावे.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तो कामगाराला सगळ्यांत जवळचा. सुई महिन्यामागून महिने विकत घ्यावी लागते. ओव्हरटाइम बंद झाला की पहिली तीच बंद होते. मघाच्या १९६१ जणांपैकी काहींवर औषध थांबल्यावर वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा उतरलेल्या वजनाचे दोन-तृतीयांश परत आले होते. आणि परत येते ती बहुतेक चरबी. गेलेला स्नायू आपणहून परत येत नाही. याच्या जोडीला कोपेनहेगनची पाहणी ठेवावी. तेथे १९५ जणांना आठ आठवडे अगदी कमी आहारावर ठेवून वजन उतरविले आणि मग वर्षभर काहींना लिराग्लुटाइड ही रोजची सुई, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही आणि काहींना यांतले काहीच नाही, असे चार गट केले. २०२१ मध्ये निकाल आला: दोन्ही करणाऱ्यांची चरबी सर्वांत जास्त उतरली. सगळे थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर पुन्हा मोजले, तेव्हा नुसत्या सुईवाल्यांपेक्षा व्यायाम केलेल्यांचे वजन बरेच कमी वाढले होते.

म्हणून सुई परवडते आहे तोवरच बैठकांची सवय लावून घ्यावी, असे आम्ही सभासदांना सांगतो. आमच्या त्या ड्रायव्हराची ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली. आता तो दोन बिस्किटे खाऊन चार किलोमीटर चालतो, आठवड्यातून तीन दिवस बैठका काढतो, आणि डेपोच्या विश्रांतिगृहात साखर मोजण्याचे एक यंत्र व ग्लुकोजचा डबा ठेवावा असा अर्ज त्यानेच सत्तावीस सह्यांनिशी दिला आहे. अर्ज मंजुरीसाठी वर गेलेला आहे.